डीकन टिलमन यांची पाच मिनिटं

आमच्या डेपोत वर्षातून चार वेळा पाळ्या निवडायचा दिवस असायचा. ज्याची नोकरी जुनी, तो आधी निवडणार. नव्वदच्या सुमारास रॉस्को टिलमन यांचा नंबर दुसरा लागत होता. म्हणजे सकाळी सातला यावं आणि तीनला घरी जाऊन पाय पसरावेत अशी पाळी त्यांच्यापुढे आयती वाढलेली असायची. आणि हा माणूस दर खेपेला बोट ठेवायचा तो तुटक पाळीवर. पहाटे पाच ते साडेनऊ गाडी हाकायची, मग चार तास डेपोत माश्या मारायच्या, मग दुपारी एक छप्पन्नला पुन्हा फाटकाबाहेर पडून साडेसहापर्यंत नॉर्थ ॲव्हेन्यूवर बाल्टिमोरची गर्दी वाहायची. ही पाळी कुणालाच नको असायची. शेवटी उरली की ती माझ्यासारख्या नव्या माणसांच्या गळ्यात पडायची.

मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, केवढं मोठं मन आहे बघा, तरुणांसाठी स्वतः त्रास काढतायत. दोन आठवड्यांत माझे डोळे उघडले. बरोबर एक वाजता विश्रांतीच्या खोलीतल्या टीव्हीवर 'मेपल हार्बर' लागायचं, आणि टिलमन यांची खुर्ची टीव्हीसमोर ठरलेली होती.

आम्ही त्याला मालिका वगैरे म्हणत नाही. 'माझी गोष्ट लागली' म्हणतो. माझी आजी तसंच म्हणायची, तिची बहीणही. पण सहा फूट उंचीचा, हनुवटीला पांढरी दाढी असलेला बसचालक 'माझी गोष्ट लागली' म्हणून हातातले पत्ते पालथे टाकतो, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. आणि टिलमन एकटे नव्हते. तुटक पाळीचे बारा-चौदा चालक, एकेकाचे दंड माझ्या मांडीएवढे, सगळे 'पत्ते खेळायला बसलोय' असं सांगून गोष्ट बघायचे. टिलमन चर्चमध्ये डीकन होते, म्हणजे पाद्रीच्या खालोखालचे मानकरी, रविवारी पहिल्या बाकावर बसून जांभई देणाऱ्यांकडे वळून बघणं हे त्यांचं काम, म्हणून डेपोतही त्यांना सगळे डीकनच म्हणत. त्यांची बायको मिस अल्बर्टा, आमच्यात मानाने लग्न झालेल्या बाईलाही मिस म्हणतात, निवृत्त शिक्षिका. तिच्या मते ही गोष्ट म्हणजे सैतानाने दुपारच्या वेळेसाठी खास तयार केलेलं काम होतं. वीसेक वर्षं ती समजत होती की नवरा डेपोत बायबल वाचतो. कळलं तेव्हा एक आठवडा तिने त्यांच्या ताटात फक्त सूप वाढलं.

अडचण एवढीच की गोष्ट संपायची दोनला आणि आमच्या गाड्या निघायच्या त्याच्या आधी. शेवटची चार-पाच मिनिटं, जिथे नेमकं कुणीतरी दार उघडून 'मी मेलेलो नाही' असं सांगायचं, ती आमच्या नशिबात नव्हती. ती आम्हाला कळायची तिसऱ्या थांब्यावर. तिथे मिस ओडेला रोज घरी गोष्ट संपवून, कोट अंगात चढवत, डीकनची गाडी गाठायची आणि पहिल्याच सीटवर बसून अख्ख्या बसला शेवट सांगायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे कोण रडलं आणि कोण हसलं यात तिची गल्लत व्हायची. पण ऐकलेलं एक अक्षर ती विसरायची नाही.

डीकनचा जीव होता डॉक्टर यव्हेटवर. गोष्टीतली एकुलती एक काळी डॉक्टर. चौदा वर्षं ती त्या गावात होती आणि चौदा वर्षांत तिचं स्वतःचं स्वयंपाकघर एकदाही दिसलं नव्हतं. सदा दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभी, हातात कॉफीचा कप, आणि सोनेरी केसांच्या कुठल्या ना कुठल्या पोरीला 'तुझं मन काय सांगतं ते ऐक' असं समजावतेय. तिचं लग्नही पडद्यामागेच उरकलं. सोमवारी बोटात अंगठी दिसली तेव्हा आम्हाला कळलं. डीकनना त्याचा एवढा राग आला होता की त्यांनी त्या दिवशी दोन थांबे न थांबता सोडले.

मग एक्याण्णवच्या हिवाळ्यात लेखकांना काय बुद्धी सुचली कोण जाणे, तिला स्वतःची गोष्ट मिळाली. तिचा हरवलेला भाऊ तिच्याच टेबलावर शस्त्रक्रियेला येतो आणि वाचत नाही. बाहेर आई बसलेली. यव्हेट हात धुते, बाहेर येते, आईशेजारी बसते. आईच्या स्वेटरचं सुटलेलं बटण लावत राहते. आमच्या खोलीत कुणी पान टाकलं नाही. डीकनच्या हातात त्या दिवशी सगळेच्या सगळे हात जिंकायची पानं होती. मी त्यांची जोडीदार, मला ठाऊक आहे. त्यांनी ती उघडी टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसला. नंतर एकच वाक्य बोलले, "या बाईला आता बक्षीस द्यायलाच पाहिजे."

बक्षीस होतंच. दुपारच्या गोष्टींचं एक साप्ताहिक निघायचं. त्याच्या वाचकांची मतं मोजून दर वर्षी उत्कृष्ट नट, नटी निवडायचे आणि तो सोहळा टीव्हीवर दाखवायचे. मतपत्रिका अंकात छापलेली, कापून पाठवायची, नक्कल चालत नसे. आजवरच्या विजेत्यांच्या फोटोंचं पान डीकननी मला दाखवलं. त्यात आमच्या रंगाचं एकही तोंड नव्हतं. मी म्हटलं, हे काय नवीन. ते म्हणाले, नवीन नाही म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीत, भाड्याच्या पेटीशेजारी, बुटांचा एक रिकामा खोका बांधलेला होता. लोकांनी अंक घ्यायचा, मतपत्रिका कापायची, नाव लिहून खोक्यात टाकायची. नॉर्थ ॲव्हेन्यूवरच्या लोकांना एवढंच हवं होतं. हॉस्पिटलच्या नर्सा, न्हावी, चर्चच्या स्वागतमंडळातल्या पांढऱ्या हातमोज्यांच्या बायका, सोन्याचा दात असलेला एक आडदांड गडी, ज्याला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्याने मतपत्रिकेच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'हिने त्या नवऱ्याला आधी सोडावं.' सहा आठवड्यांत चारशे बारा मतं जमली. शनिवारी दुपारपर्यंत टपालात पडायला हवी होती. आदल्या गुरुवारी संध्याकाळी डीकननी मला गठ्ठे बांधायला घरी जेवायला बोलावलं.

मिस अल्बर्टाने रस्स्यातले पोर्क चॉप, कोलार्डच्या पाल्याची भाजी आणि मक्याचा पाव असा बेत केला होता. एव्हाना तिचा राग निवळला होता, म्हणजे सूपावरून चॉपवर आला होता. आम्ही टेबल पुसून मतपत्रिका मांडल्या. ती शेजारी बसून एक उचलून वाचू लागली. तिला छापील कागद दिसला की तो ती पहिल्या अक्षरापासून तळटीपेपर्यंत वाचणार, हाताला लाल पेन्सिल आपोआप जाणार.

"रॉस्को," ती म्हणाली, "इथे लिहिलंय, कलाकाराचं नाव लिहा. भूमिकेचं नाव लिहिलेलं मत मोजलं जाणार नाही."

"बरोबर आहे."

"तू काय लिहिलंयस?"

डीकननी आपली मतपत्रिका बघितली. मी माझी बघितली. मग आम्ही तिघांनी मिळून चारशे बारा बघितल्या. डॉक्टर यव्हेट. डॉक्टर यव्हेट. यव्हेट मार्लो, एम. डी. एकाने तर 'आमची यव्हेट' लिहिलं होतं. एकाही माईच्या लालाने त्या नटीचं नाव लिहिलं नव्हतं. लिहिणार कसं? आम्ही चौदा वर्षं तिच्या सासूचं माहेर कुठलं ते सांगू शकत होतो, पण नावं येतात शेवटी, आणि शेवट कधी आमच्या वाट्याला आलाच नव्हता.

"सगळा वर्ग नापास," मिस अल्बर्टा म्हणाली. पण हसली नाही, आणि नवऱ्याच्या ताटात तिने आणखी एक चॉप वाढला.

आता तुम्ही म्हणाल, साप्ताहिकात बघा की नाव. बघितलं. चौदाव्या पानावर तिचा फोटो, खाली डेल्फीन ब्रॉडनॅक्स. सदतिसाव्या पानावर तोच फोटो, तीच कानातली, खाली रेनाटा पूल. ही रेनाटा, मागाहून कळलं, दुसऱ्याच गोष्टीत वकील होती आणि दोघींत सारखं एवढंच की दोघी काळ्या. शुक्रवारी सकाळी मी डेपोतून टीव्ही केंद्राला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, ती काळी ना, रेनाटा. मग कुणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, नाही, डेल्फीन, बहुतेक. मी फोन आपटला.

खात्रीची जागा एकच उरली. कलाकारांची सगळी यादी, भूमिकेसमोर खरं नाव, फक्त शुक्रवारी दाखवायचे, अगदी शेवटी, एक एकोणसाठला. डीकनची गाडी एक छप्पन्नला निघायची. माझी त्या दिवशी दोन दहाला होती. मी म्हटलं, मी वाचते आणि वाटेत कुणाकडून तरी निरोप देते, एवढं काय त्यात.

ते स्वतः थांबले तर काय जाईल ते मला पुरतं ठाऊक होतं. पंचवीस वर्षं एकदाही गाडी उशिरा न काढणाऱ्या चालकाला कंपनी सोन्याची पिन द्यायची, नाव कोरलेली, कोटाच्या कॉलरला लावायची. आमच्या डेपोत ती कुणालाही मिळाली नव्हती. डीकनना पंचवीस वर्षं व्हायला तीन आठवडे उरले होते. मिस अल्बर्टाने त्या समारंभासाठी टोपीसुद्धा घेऊन ठेवली होती, निळी, पिसाची.

"मिस व्हर्ना," डीकन मला म्हणाले, "चौदा वर्षं मी रोज त्या बाईला भेटतोय. तिचं नाव मी दुसऱ्याकडून ऐकणार नाही."

मी त्यांना खूप सुनावलं. हट्टी म्हातारा म्हटलं, पिनेची आठवण दिली, टोपीची दिली. ते ऐकून घेत होते. शेवटी मी चिडून बोलून गेले, की जाऊ दे, त्या पिनेवर नाहीतरी हॉकिन्सचंच नाव कोरून आलं असतं. ते एवढे हसले की त्यांना बसावं लागलं.

हॉकिन्सचं काय ते सांगायला हवं. डेपोचे मोठे साहेब केसलर बहात्तर साली आले, आणि पहिल्याच दिवसापासून डीकनना हॉकिन्स म्हणू लागले. रे हॉकिन्स आमचा दुसरा चालक, डीकनपेक्षा वीतभर बुटका, रंगाने उजळ, आणि मिशीवाला. त्याला साहेब कधी टिलमन म्हणायचे, कधी काहीच नाही. ब्याऐंशी साली हॉकिन्स निवृत्त झाला तरी साहेबांच्या तोंडातला गेला नाही. डीकन 'हो साहेब' म्हणायचे आणि पुढे चालायचे. मी एकदा विचारलं, तुम्ही सांगत का नाही? म्हणाले, पगाराच्या चिठ्ठीवर नाव बरोबर असतं. मला ते उत्तर कधी पटलं नाही. त्यांनाही पटलं नसावं.

त्या शुक्रवारी एक पन्नासला खोलीतले बाकीचे एकेक करून उठले, डीकनच्या खांद्याला हात लावून गेले. एक छप्पन्न झाले. खिडकीत क्लिओफस बसायचा, गाड्या सोडणारा. तो घड्याळाकडे बघायचा, मग आमच्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. उशीर झाला की लाल शाईने नोंद करायची हे त्याचं काम. सत्तावन्नला त्याने काचेमागून हातवारे केले. अठ्ठावन्नला तो आत आला आणि म्हणाला, डीकन, मी डोळे मिटतो, तुम्ही निघा तेव्हा उघडतो, काय वेळ झाली मला काय कळणार.

"उघडे ठेव," डीकन म्हणाले. "आणि खरी वेळ लिही."

मग यादी आली. अक्षरं बारीक, वर पळणारी. डीकन टीव्हीला नाक लावून उभे राहिले. पुटपुटत होते, एकेक ओळ. आणि मग थांबले. डॉक्टर यव्हेट मार्लो, समोर डेल्फीन ब्रॉडनॅक्स. त्यांनी ते नाव मोठ्याने म्हटलं, दोनदा, जेवणाआधी प्रार्थना म्हणतात तशा आवाजात. टोपी घातली आणि गेले. क्लिओफसने दोन वाजून एक मिनिट लिहिलं आणि पेन टेबलावर टाकून दिलं. मला रडू आलं, ते मी नाक शिंकरून झाकलं.

पुढची मजा मी माझी फेरी संपवून, साडेचारला मुद्दाम त्यांच्या गाडीत चढून डोळ्यांनी पाहिली. कुणाचंही मत आपल्या हाताने सुधारायचं नाही असं डीकनचं ठाम म्हणणं होतं. ज्याचं मत त्याने नाव लिहायचं. त्यामुळे गाडीत चढणाऱ्याला आधी आपली मतपत्रिका गठ्ठ्यातून शोधायची, जुनं नाव खोडून बाजूला डेल्फीन ब्रॉडनॅक्स लिहायचं, मग बसायचं. कुणी पेन फिरवतंय, कुणी दुसऱ्याच्या पाठीचं टेबल करतंय. एका नर्सने मागून विचारलं, ब्रॉडनॅक्स लिहायचं कसं? तर पुढून सोन्याच्या दाताचा गडी एकेक अक्षर सांगू लागला, आणि सगळी बस त्याच्यामागे म्हणू लागली. मागची गाडी येऊन चिकटली तरी कुणी कुरकुर केली नाही. मिस ओडेला तेवढी अडून बसली. ती म्हणाली, मी तिला यव्हेट म्हणून ओळखते, तिलाही ते माहीत आहे, आता या वयात नवीन ओळख कोण करणार. डीकननी तिला समजावलं, ऐकेना. तिचं मत तसंच राहिलं.

शनिवारी दुपारपर्यंत तीनशे अठ्ठ्याऐंशी मतं सुधारून झाली. उरलेली चोवीस डीकननी पाठवली नाहीत. मिस अल्बर्टा स्वतः टपाल कचेरीत गेली, पिसाची निळी टोपी घालून. म्हणाली, घेतलीच आहे तर वाया कशाला घालवू.

पिन गेली. केसलर साहेबांनी बोलावून समज दिली, हॉकिन्स म्हणूनच दिली. डीकन 'हो साहेब' म्हणून बाहेर आले.

जूनमध्ये एका मंगळवारी, बारा ते दोन, सोहळा होता. खोलीत बसायला जागा नव्हती. आम्ही तळलेले मासे आणि लिंबू घालून चहा आणला होता, पण कुणी खात नव्हतं. पावणेदोनच्या सुमाराला उत्कृष्ट अभिनेत्रीची पाळी आली. पाकीट हातात घेऊन एक गोरापान नट उभा राहिला, ते फोडलं, हसला, आणि म्हणाला, "रेनाटा..." मग कागदाकडे नीट बघून अडखळला.

"डेल्फीन ब्रॉडनॅक्स," आमची अख्खी खोली ओरडली. वीस चालक, एकाच आवाजात. टीव्हीतल्या त्या माणसाला ऐकू गेल्यासारखं त्यानेही मग तेच नाव घेतलं. ती उठली, हिरव्या पोशाखात, आणि चालत येताना तिने आपल्या आईच्या खांद्याला हात लावला. खरी आई हां, गोष्टीतली नव्हे. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या, टेबल बडवलं, क्लिओफस खुर्चीवर चढला. आमच्या मतांनी ती जिंकली का? मला माहीत नाही, आणि मी चौकशी करायलाही जाणार नाही.

गोंगाट ऐकून दार उघडलं. केसलर साहेब.

"हॉकिन्स, काय चाललंय हे?"

क्लिओफस खुर्चीवरून उतरला. डीकन हसतच होते, ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर तसंच होतं. ते उभे राहिले.

"टिलमन, साहेब."

"काय?"

"माझं नाव. रॉस्को टिलमन. हॉकिन्सला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तो डरहॅमला असतो, मासे पकडतो."

साहेब लाल झाले. आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे त्यांनी एकेक करून बघितलं, आणखी कुणाचं नाव चुकतंय का ते आठवत असावेत. मग म्हणाले, "एवढी वर्षं सांगितलं का नाही?"

"ती माझी चूक," डीकन म्हणाले. "विचारलं नाही ती तुमची. वाईट वाटून घेऊ नका. एका बाईला चौदा वर्षं मी पण भलत्याच नावाने हाक मारत होतो."

केसलर साहेबांनी दाराची मूठ धरली. "टिलमन," ते म्हणाले, पाठ केल्यासारखं, आणि दार हळूच लावून गेले.

एक चोपन्न झाले होते. डीकननी टोपी घातली, एक मासा कागदात गुंडाळून घेतला आणि बरोबर छप्पन्नला गाडी फाटकाबाहेर काढली. तिसऱ्या थांब्यावर मिस ओडेला उभी होती. कोटाची एक बाही अजून रिकामीच लोंबत होती, एवढ्या घाईत ती निघाली होती. पायरीवर चढून, दांडा धरून तिने अख्ख्या बसला सांगितलं, "आपल्या डेल्फीनला मिळालं."